शेवटचे दोन आकडे

८ जाने., बुध.
सलीमभाई डिझाइनच्या खोलीतला जुना पीसी घेऊन आले. साडीच्या काठांची वीस-बावीस वर्षांची डिझाइनं त्यात, सगळी त्यांच्या मोठ्या भावाने काढलेली. भाऊ गेल्या वर्षी गेले. डिस्क आचके देतेय, नवी हवी. पण बोर्ड जुना, नव्या डिस्कवरून सुरूच होत नाही. म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बायोसमध्ये नव्या डिस्कचा ड्रायव्हर घालून त्याची चिप पुन्हा लिहायची. आत मूठभर कापूस. नेहमीप्रमाणे थिनरने बोर्ड लख्ख पुसला. चिपला क्लिप लावून तिच्यात होतं त्याची कॉपी घेतली. एकदाच. शेजारच्या कारखान्यात लूम धडधडतायत, दिवा मिचमिचतोय, सलीमभाई दारात, "जल्दी करो, जितूभाई." दोनदा वाचून जुळवा, असं मीच सगळ्यांना सांगत फिरतो.

१० शुक्र.
लूमना सुट्टी, व्होल्टेज गरीब गाईसारखं. चिप लिहायची कामं मी शुक्रवारीच ठेवतो. नेटवर मिळालेल्या याच बोर्डाच्या बायोस फाइलमध्ये ड्रायव्हर घातला, लिहिली, पहिल्या फटक्यात चालू! जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर आणून डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं. "हे मशीन नोंदलेलं नाही." म्हणजे काय??

११ शनि.
थोडं उमगलं. सॉफ्टवेअर बोर्डाचा सिरीयल नंबर बघतं. तो चिपमध्येच होता, मी नेटवरच्या फाइलने पुसला. त्याशिवाय एक डिझाइन उघडत नाही. सॉफ्टवेअरवाली कंपनी कधीच बंद. असो, बुधवारची कॉपी आहे. ती लिहिली. पडदा काळा. पुन्हा लिहिली. काळा.

१३ सोम.
कॉपी ओळ न् ओळ पाहिली. मधेमधे कचरा. लूममुळे? क्लिप सैल? वायर? डोकं चालेना. नंबर सापडला, पण शेवटचे दोन आकडे गायब. बोर्डावर नंबरचा स्टिकर असतो की! धावत टेबलाशी गेलो. स्टिकर पांढराशुभ्र. थिनर. गाढव आहे मी.
सलीमभाईंचा फोन. "हो गया क्या?" "थोडा बाकी है." खोटं बोललो.

१५ बुध.
नेटवरची फाइल परत लिहून मशीन चालू केलं. नंबर तेवढा बदलायचं टूल म्हणतं, लॉक आहे. दुसरं टूल बोर्डच ओळखत नाही. कालपर्यंत तर ओळखत होतं!
घरी जेवताना बायको सुरेखाने विचारलं, "त्यांना सांगलं का न्हाय?"
"आधी सुटू दे."
"आनि न्हाय सुटलं तं?"


१७ शुक्र.
सकाळीच सलीमभाईंना बोलावलं. सगळं सांगितलं, एकदाच वाचलं तेही, थिनरचंही. ते बोर्डावर वाकले. मला लाज वाटत होती. "बचेगा?" माहीत नाही म्हटलं. दोन आकडे, शंभर शक्यता, दर वेळी नेटवरच्या फाइलमध्ये नंबर घालून चिप नव्याने लिहायची. आणि आधीचा एखादा आकडाही चुकीचा वाचला गेला असेल, तर शंभरही फुकट.
त्यांनी स्टूल ओढलं. "भाईजान भी एक एक तार गिन के काठ बनाते थे. ज़ीरो ज़ीरो से शुरू करो."
००, नोंदलेलं नाही. ०१, नाही. ते पुठ्ठ्यावर रेघा ओढत होते. १७ झाला तेव्हा उठले, "नमाज पढ़ के आता हूँ."
१८ ची फाइल तयार आहे. क्लिपही लावलीय. बटण दाबलेलं नाही. ते आले की.