दारातलं गाऱ्हाणं

बोरिवली (पूर्व),
११ ऑगस्ट

ती. दादास,
विनूचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या सोसायटीत माझ्यावर घोर अन्याय झालेला आहे. इतिहासात त्याची नोंद होणार नाही, म्हणून निदान तुझ्या टपालपेटीत व्हावी. आमच्या लिफ्टला कंठ फुटला आहे. रहिवाशांच्या मनःस्वास्थ्यासाठी सेक्रेटरीने आत एक स्पीकर बसवलाय. दार लागलं की बासरी सुरू होते आणि एक बाई सांगू लागते की खोल श्वास घ्या, आणि आतल्या स्वतःला मायेने विचारा, कशी आहेस? आयुष्यात कधी सिलिंडरची वाट बघितली नसावी असा तिचा आवाज. परवा माझ्या हातात ओल्या बोंबलांची पिशवी आणि शेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या कट्टर शाकाहारी काकू. स्पीकरने सांगितल्याबरोबर काकूंनी श्वास घेतला. अगदी खोल. तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय आणि त्या जिन्याने जातात. नवऱ्याकडून सहानुभूतीची आशा नव्हतीच. नंदूचं म्हणणं, स्पीकरचे पैसे वसूल झाले.

आता मुद्दा. वहिनी मे महिन्यात गेली. दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. तेव्हापासून तुझ्यामाझ्यात दोनच शब्द उरलेत, बरं आहे. फोन केला की तेवढं म्हणतोस आणि ठेवतोस. पत्र कट करता येत नाही, म्हणून हा मार्ग. बोरिवलीहून मरोळला रिक्षाने तासाभरात पोचता येतं, पत्राला चार दिवस लागतात. पण हल्ली तुझ्यापर्यंत पोचायला तेवढे लागतातच.

गेल्या रविवारी तू दार उघडलंस तेव्हा आधी सदरा दिसला, मग त्याच्या आत कुठेतरी तू. जेवलास का विचारलं, तर जेवलो म्हणालास. ओट्यावर एकही भांडं ओलं नव्हतं. दादा, मी तुझी धाकटी बहीण आहे, तेव्हा स्पष्ट लिहिते. तू तिच्या मागोमाग निघाला आहेस. अगदी सावकाश, कोणाला कळू नये अशा बेताने. मला कळतंय.

तेजल सांगत होती की यंदा गणपती नको असं तिने सुचवलं आणि तू तिला उडवून लावलंस. बापाला अजून लेकीवर ओरडता येतं, हे ऐकून बरं वाटलं. गाऱ्हाणं तूच घालणार ना? बाबांच्या मागे दरवर्षी तूच मूर्तीपुढे नारळ घेऊन उभा राहतोस, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागतोस, आणि आम्ही मागून प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा ओरडतो. माझ्या बीपीपासून नंदूच्या बढतीपर्यंत सगळं तुझ्या तोंडून वर गेलंय. बढती अजून आलेली नाही, पण तो दोष तुझा नाही, देवाचाही नाही.

रागावलास तरी चालेल, पण दोन शब्दांपेक्षा जास्त रागाव. लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
विनू


मरोळ,
१९ ऑगस्ट

चि. सौ. विनू हिस अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचेच पाय आहेत. बोंबलांचं पुढे काय केलंस ते लिहिलं नाहीस. महत्त्वाचं ते गाळायची तुझी सवय जुनी आहे.

मी बरा आहे. हे तीन शब्द झाले. प्रगती समजावी.

तुझ्या लिफ्टची धाकटी बहीण आमच्याकडेही आली आहे. तेजलने मला एका मनःशांती शिबिरात घातलं. हॉलमध्ये चटया, उदबत्ती, आणि गळ्यात माईक अडकवलेल्या एक बाई. डोळे मिटा, आत बघा, काय दिसतं ते शेजाऱ्याला सांगा. माझा शेजारी निवृत्त हवालदार. त्याला आत निळा प्रकाश दिसला. मला ॲसिडिटी दिसली, मी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, भावनेचं नाव सांगा. आता बघ विनू, इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटीत मी अख्खी नोकरी पॅकिंगला काढली. खोक्यावर आत काय आहे ते लिहायचं, हेच माझं काम. आत काय आहे ते माहीत नसताना मी कधी लेबल चिकटवलेलं नाही. निवृत्तीनंतर तरी कशाला सुरू करू? चटई गुंडाळून निघून आलो.

बाकी जिना रोज चढतो-उतरतो. पहिल्या मजल्यावर तुझ्या वहिनीचं, प्रेमाचं, ढोपर विश्रांती घ्यायचं, म्हणून तिथे थांबायची पायांना सवय आहे. हल्ली तिथे थांबलो की कोणीतरी विचारतं, दम लागला का. मी हो म्हणतो. सोपं पडतं.

गणपती येणार, गाऱ्हाणंही मीच घालणार. देवाला ओळखीचा आवाज लागतो. सगळे या. नंदूरावांच्या बढतीचा विषय यंदा शेवटी घेतो, देवालाही मर्यादा असतात.

काळजी करू नकोस असं लिहिलं तरी तू करणारच, तेव्हा बेताने कर. बीपीच्या गोळ्या चुकवू नकोस. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा


बोरिवली (पूर्व),
२ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न.

विसर्जन होऊन आठवडा होत आला. तू फोन घेत नाहीस. काल मी येऊन दार वाजवलं, वाजवत राहिले. समोरच्या जानकीताई बाहेर आल्या, म्हणाल्या की सकाळी दूध घ्यायला दार उघडतात, तेवढंच. मग मी दाराशीच बोलले. लाकूड चांगलं आहे, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. उत्तर काही दिलं नाही. म्हणून पुन्हा कागद.

जे झालं ते एकदा लिहूनच टाकते. कारण आपण सगळे ते घडलंच नाही असं वागतोय. तेजल तर त्या दिवशी एकाच माणसाला तीन तीनदा प्रसाद देत सुटली होती.

तू नारळ घेऊन उभा राहिलास. आवाज नेहमीसारखा खणखणीत, मला तर हायसं वाटलं. तेजलच्या नोकरीचं मागून झालं, व्हय म्हाराजा. विनूचा बीपी आणि विनूची जीभ दोन्ही ताब्यात रवांदे, व्हय म्हाराजा, आणि त्यात नंदूचा आवाज सगळ्यांच्या वर. आणि त्याच सुरात, एक श्वासही न मोडता, तू म्हणालास, प्रेमाच्या ढोपराक आराम पडांदे रे म्हाराजा.

आणि आम्ही सगळ्यांनी म्हटलं, व्हय म्हाराजा.

एकही जण अडखळला नाही, दादा. वर्षानुवर्षं त्या जागी तेच वाक्य येतं आणि त्यावर तोच गजर होतो. तोंडं आपोआप उघडली. मग टाळ वाजवायला उचललेले नंदूचे हात तसेच वर राहिले. तू नारळ पाटावर ठेवलास आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत उभा राहिलास. किती तरी वेळ. मग आतल्या खोलीत गेलास, आणि मूर्ती तेजलच्या नवऱ्याने उचलली. विसर्जनाला घरचा कर्ता नाही, असं पहिल्यांदाच झालं.

तुला लाज वाटत असेल तर एक सांगते. तू ते एकटा म्हणालास, आम्ही घर भरून म्हणालो. तेव्हा लाजही सगळ्यांत वाटून घे. आमच्या वाटची आम्ही नेऊ.

मला आज विनोद सुचत नाहीयेत, यावरून काय ते समज. तू आत काय खातोस? खातोस का? बरं आहे, हे उत्तर आलं तर मी पत्र तसंच परत पाठवीन. लेबलाचं राहू दे. खोक्यात काय आहे तेवढं लिही, नाव मागाहून ठेवू.

लोभ वाढव असं आज म्हणत नाही. आहे तेवढा जिवंत ठेव. आणि तूही राहा.

तुझी,
विनू


मरोळ,
९ सप्टेंबर

चि. विनू हिस अ. उ. आ.

तू दाराशी बोललीस ते सगळं ऐकलं. मी दाराला पाठ लावून खाली बसलो होतो. जाताना चप्पल घालता घालता मला मालवणीत एक शिवी दिलीस, तीही ऐकली. बाबांची आठवण झाली.

लाज वाटली नाही, विनू. मी विसरलोही नव्हतो. तोंड सवयीने पुढे गेलं, एवढंच. पण तुम्ही सगळे एका आवाजात व्हय म्हाराजा म्हणालात ना, तेव्हा एका श्वासापुरतं मला खरंच वाटलं की मंजूर झालं. ढोपर बरं झालं, आता ही उठून बाहेर येईल. म्हणून दाराकडे बघितलं.

श्वास संपला. तरी उभा राहिलो ते दुसऱ्याच कारणाने. ते तुला ठाऊक नाही, कोणालाच नाही. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं नसतं, ही बाबांची शिस्त. मी माझं नाव कधी घेतलं नाही. पण माझं शेवटचं वाक्य झालं, तुमचा गजर झाला, की त्या टाळांच्या गोंगाटात प्रेमा स्वयंपाकघराच्या दारात येऊन, पदराला हात पुसत, हळूच म्हणायची, आणि ह्यांकाय सांभाळ रे म्हाराजा. माझ्यासाठी एवढीच ओळ. लग्न झालं त्या वर्षापासून. मी ऐकू न आल्यासारखं करायचं आणि तिने म्हटलंच नाही असं करायचं, हे आमचं न बोलता ठरलेलं होतं.

यंदा मी पुढचं मागणं सोडून त्या ओळीची वाट बघत उभा राहिलो. टाळ उचललेलेच राहिले होते. कोणी खोकतही नव्हतं. यंदा इतकं स्वच्छ ऐकू आलं असतं.

तू खोक्यात काय आहे विचारलंस. बसून बघितलं. प्रकाशबिकाश काही नाही. एक माणूस आहे, ज्याच्यासाठी मागणारं आता कोणी नाही. मी बरा नाही, विनू. अजिबात बरा नाही. आत काय आहे ते बघून मग लिहितोय, तेव्हा हे लेबल खरं समज. एवढं लिहून उठलो तर भूक लागली होती. जानकीताईंनी सकाळी दारात ठेवलेली भाकरी होती, त्यातली अर्धी खाल्ली.

आणि एक. ती गेली तेव्हा शेजाऱ्यांनी डब्यांतून जेवण आणलं. ते डबे अजून ओट्याखाली आहेत. प्रेमाचा नियम तुला माहीत आहे, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर. साखर घरात आहे. पण डबे परत गेले की ते दिवस संपले असं होईल, आणि त्या दिवसांत ती निदान नुकती गेलेली होती. जानकीताई रोज समोर दिसतात, डब्याचं नाव काढत नाहीत.

किल्ली त्यांच्याकडे देऊन ठेवली आहे. येशील तेव्हा वाजवू नकोस, सरळ आत ये.

नंदूरावांना सांग, त्यांचं मागायचं राहिलं. तुम्हा दोघांना आशीर्वाद, आणि या वेळी थोडा लोभ तूच इकडे पाठव.

तुझा,
दादा


मरोळ, तुझाच ओटा,
रविवार दुपार

ती. दादास,
न. वि. वि. तू झोपला आहेस, तेव्हा साष्टांग जागा झाल्यावर.

हे पत्र टपालाने नाही, ओट्यावर ठेवून जाते. जानकीताईंनी दार उघडून दिलं. तू खाटेवर आडवा होतास आणि घोरत होतास. वहिनी या घोरण्याची तक्रार जिच्यातिच्याकडे करायची. मी उंबऱ्यावर उभी राहून ते एखाद्या मैफलीसारखं ऐकलं. उठवलं नाही.

काळ्या वाटाण्यांची उसळ केली आहे. वाटाणे घरून भिजवून आणले होते. वाटपात वहिनीचा हात नाही आणि मिठाचा अंदाज माझा आहे, तेव्हा नावं ठेवत खा. पण खा. भात कुकरमध्ये आहे.

ओट्याखालच्या डब्यांना मी हात लावलेला नाही. ते तुझे आहेत. ज्या दिवशी द्यावेसे वाटतील त्या दिवशी दे, एकेक करून दे, नाहीतर राहू देत. जानकीताईंना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या की आमच्याकडे डबे आहेत, भाऊंना घाई करू नका. तेजलला तुझं पत्र दाखवलेलं नाही. तिच्या आईची ती ओळ तू सांगायचीस तिला, मी नाही.

उसळीला उकळी येईपर्यंत मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. हात ओले होते. पदर नव्हता, ओढणीला पुसले. तुझ्या दोन घोरण्यांच्या मध्ये जी जागा मिळाली तेवढ्यात म्हटलं, आणि आमच्या दादाक सांभाळ रे म्हाराजा. माझी मालवणी तुला माहीत आहे, देवाने उच्चारांकडे दुर्लक्ष केलं असेल अशी आशा. व्हय म्हणायला कोणी नव्हतं, पण तिच्या वेळीही कोणी म्हणत नव्हतं. वहिनीसारखं काही जमलं नाही. शेवटचा शब्द जरा मोठ्याने निघाला, आणि तू कूस बदललीस. जागा असलास तर ऐकू न आल्यासारखं कर. तुझी ती शिस्त मोडायची नाही.

अजून एक राहिलं. तुझं पत्र वाचून मी माझ्या मांडणीच्या मागे हात घातला. वहिनीचा एक डबा माझ्याकडेही होता, झाकणावर तिचं नाव कोरलेला. एप्रिलमध्ये तिने त्यातून ओल्या काजूंची उसळ पाठवली होती. मे महिन्यानंतर मी तो मागे सारून पुढे दुसरे डबे लावले होते. तुझ्या बहिणीला बाकी काही नाही तरी तुझी अक्कल मिळाली आहे.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. लोभ असेलच, आज तू जेवलास तर मला पुरे.

तुझ्या मांडणीत तिच्या डब्यांच्या ओळीत एक जागा रिकामी होती. डबा तिथे ठेवला आहे. उसळ त्यातच आहे.

तुझी,
विनू