दाढ दुखणारी बाई

आई,
वाकून नमस्कार, तोही पोटभर जेवून.

इमर्जन्सी मेडिसिनच्या परीक्षेसाठी रोज पन्नास सरावप्रश्न सोडवते. काल एकच चुकला. 'साठीची बाई. जिना चढताना जबडा दुखतो, घाम फुटतो. म्हणते, दाढ दुखतेय.' मी तिला खुशाल दातांच्या डॉक्टरकडे धाडलं. बरोबर उत्तर होतं, आधी ईसीजी; हृदयाचं दुखणं जबड्यातही उमटतं.

गेल्या फोनवर तूही हेच म्हणालीस, "दाढेचंच गं, वर चढलं की ठणकते." तुझ्यावर विश्वास ठेवायची सवय आहे ना, म्हणून चुकलं.

हे पत्र मिळेपर्यंत दादा तुला ईसीजीला घेऊन गेला असेल. त्याला रजा काढायला लावून मीच पिटाळलं. त्याच्यावर डाफरलीस का? आता मला रागाव हवं तेवढं, पण खाली बसून.

तुझी नापास धाकटी