ऑन-कॉल सवत

४ मार्च
माझ्या घरात माझा पहिला दिवस! दोन खोल्या, एक गॅलरी आणि हक्काचा नवरा. पडदे मीच लावले. तो स्टूल धरून माझी अशी चेष्टा करत होता की हसून हसून मुरकुंडी वळली. तेवढ्यात त्याचा फोन कर्कश वाजला आणि स्वारी लॅपटॉपला चिकटली. मी स्टुलावर, पडदा अर्धा. त्याच्या कंपनीचा नियमच आहे म्हणे: ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्यानेच सर्व्हरही सांभाळायचा, बिघाड झाला की हातातलं टाकून धावायचं. याला ऑन-कॉल म्हणतात.

७ मार्च
सासूबाईंचा फोन आला होता. ज्याचं पोर त्याने सांभाळावं, यात काय चुकलं, म्हणाल्या. मी म्हटलं, अहो आई, छत गळेल म्हणून गवंडी काही जन्मभर त्या घरात मुक्काम ठोकत नाही. त्यांना पटलं नाही. लेकाचं कौतुक, दुसरं काय!
माझं दुखणं वेगळंच आहे. फोन वाजला की तो किती मऊ बोलतो त्या बिघाड कळवणाऱ्या सिस्टमशी! आलो गं, आलो, म्हणतो. माझा नुसता जळफळाट होतो. खरीखुरी सवत परवडली, तिच्या निदान झिंज्या तरी उपटता येतात.

१२ मार्च
आम्ही भांडत असलो की फोन गप्प. तो जरा जवळ आला की वाजलाच. आज भर दुपारी मुद्दाम त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. वाजला. उठले. बंद. पुन्हा टेकलं —
तो म्हणतो, योगायोग.

१५ मार्च
ती किंवा मी, असा हट्टच धरला. शेवटी त्याने साहेबांना सांगितलं. सर्व्हर सांभाळायला वेगळी टीम नेमली, ऑन-कॉलचा फोन ऑफिसात जमा झाला. जिंकले एकदाची! आता नवरा फक्त माझा.

१६ मार्च
तो जेवत नाही. रिकामा तळहात कानाशी धरून बसतो. हसतो. मी समोर गेले की हसू विझतं.

१७ मार्च
टीमवाल्याने मला फोन केला. सर्व्हर ठणठणीत आहेत, म्हणाला, पण सिस्टम सकाळपासून एकच बिघाड दाखवतेय. जागा आमच्या घराची. स्वयंपाकघर —
मी स्वयंपाकघरातच —
तो दारात उभा आहे. तळहात कानाशी. सापडला बिघाड, म्हणतोय तिला. त्याने आतून कडी लावली.
जवळ येतोय. इतकं मऊ तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलतोय. हलू नकोस म्हणतोय, एका मिनिटात सगळं —