लीलाताईंची दुधाची थैली

मंगळवार, १४ मे, संध्याकाळ

आत्ताच तुकोगंजच्या दवाखान्यातून आले. शेजारच्या लीलाताईंचं खुब्याचं हाड मोडलंय. शुद्धीवर आहेत, बोलतात.

मजल्यावर आम्ही दोघीच एकट्या राहणाऱ्या. म्हणून ठरवलं होतं, दाराच्या कडीला लटकवलेली दुधाची थैली उठल्यावर आत घ्यायची. नऊपर्यंत बाहेरच दिसली तर चौकीदाराने बेल वाजवायची, कोणी उघडलं नाही तर दुसरीच्या घरी ठेवलेली किल्ली घ्यायची. नियम माझाच.

आणि काल साडेआठला त्यांची थैली मीच उचलली. दारावर ऊन आलं होतं. वाटलं, झोपल्या असतील, फालतूत दूध फाटेल. माझ्या फ्रिजमध्ये ठेवली आणि भजनाला गेले. एवढंही कसं लक्षात आलं नाही मला?

चौकीदार म्हणतो, "माताजी, थैली तो उठ गई थी, मैं समझा सब ठीक है." त्याचं काय चुकलं?

काल संध्याकाळी पाचला मीच बेल दिली, मग माझ्याकडच्या किल्लीने उघडलं. बाथरूममध्ये पडल्या होत्या. सकाळी सहापासून.

आज माझा हात धरून म्हणाल्या, "मी घाबरले नाही हो. थैली बाहेर आहे, आता कोणीतरी येईलच, असं म्हणत पडून होते."

सांगायला हवं होतं. मी नुसतं पाणी पाजलं.

थैली अजून फ्रिजमध्येच आहे. माझं दूध तिच्या मागे. कालपासून मी कोराच चहा पितेय.