दादाची टेप आणि माझी पेटी

३ मार्च
आपल्या छोट्या जॅझ रेकॉर्ड कंपनीचा इतिहास लिहायला घेतला. पहिलं पान: मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू. गॅरेजचा स्टुडिओ (भिंतींत जुन्या गाद्यांचा कापूस). आठ माइकचा मिक्सर. पियानोचा डावा पाय. नऊ रेकॉर्ड, त्यांची कव्हरं, कव्हरांवरची अक्षरं. कुठल्याही कॉलेजचं तोंड न पाहता.
बायको म्हणाली, पियानोचा पाय मोडलाही तुम्हीच. हे इतिहासात येणार नाही.
दहावी रेकॉर्ड राहिली. दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. टेप केली आणि महिन्याभरात त्याला अर्धांगाचा झटका आला. ओठ वाकडा, सॅक्सोफोन कायमचा सुटला. ती टेप एकच. तेव्हापासून कपाटात. उद्या वाजवणार.

४ मार्च
सरावाला आधी चौथ्या रेकॉर्डची टेप लावली. डुक्कर कापल्यासारखी किंचाळली आणि थांबली. मशीनवर तपकिरी चिकटा. ओल धरलीय.
दादाचीही अशीच झाली असणार. कपाटाला कुलूप लावलं. रात्री तीनदा उठून कुलूप ओढून पाहिलं. चहा जास्त झाला.

७ मार्च
मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या बाई आल्या. दादाची टेप हवी, न वाजवता, आहे तशी. त्यांचे लोक ती बघून घेतील. त्यांच्या पत्रात माझ्या आयुष्यभराच्या कामाला ‘जुना माल’ म्हटलंय. नकार दिला.
जाता जाता बाई म्हणाल्या, निदान रीळ उजेडासमोर धरून बघा. आरपार उजेड दिसला तर ती आधीच्या जातीची टेप, तिला चिकटा येत नाही, पण ओल घालवायला चिकट टेपांना देतात ती ऊब तिला मात्र देऊ नका. मी म्हटलं, तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून टेप हाताळतोय. बाई बहुधा माझ्याच वयाच्या.

८ मार्च
वहिनीचा फोन. दादा विचारतो, हा टेप वाजवणार आहे की तिची आरास मांडून बसणार? रात्री नीट झोपत नाही म्हणे तो. मीही नाही. स्वप्नात टेप किंचाळते, दादाच्या आवाजात.
उजेडासमोर धरायला कपाट उघडलं. बंद केलं. डबा नवा आहे, त्यावर माझ्याच अक्षरात टेपची जात लिहिलीय, नंतरची. मी चुकीचं कशाला लिहीन?

११ मार्च
टेप उबवून ओल घालवायची पेटी तयार! प्लायवूड, बायकोचा केस वाळवायचा ड्रायर, मीच तपासून घेतलेला थर्मामीटर. चौथ्या रेकॉर्डची टेप दिवसभर उबवली. लोण्यासारखी वाजली. शास्त्रज्ञ आणखी काय करतात?
बायको ओल्या केसांनी विचारते, आणि त्या बाई उजेडाचं म्हणाल्या होत्या ते?

१२ मार्च
दादाची टेप पेटीत. दर थोड्या वेळाने आकडा बघतोय. तापमान चोख. दादाला फोन केला, रविवारी ये, म्हटलं. तो म्हणाला, दाढी करून येतो.

१३ मार्च
टेप पन्हाळीसारखी वळलीय. मशीनवर सपाट बसत नाही. लावली तर तुटली. जोडली. पुन्हा तुटली.
थर्मामीटरचा दोष असावा.
संध्याकाळी उरलेलं रीळ दिव्यासमोर धरलं. पलीकडची बायको दिसली. पहिल्या वर्षी मोडीतल्या टेपा घेतल्या होत्या, त्यांतली. डबा नंतर मीच नवा केला. हिला चिकटा आलाच नसता. नुसती वाजवायची होती.

१५ मार्च, रविवार
दादा आला. गालावर कापलेलं. वहिनीने त्याला कोट घालून आणलं होतं. मी खरं सांगितलं. त्याने पियानोचा डावा पाय हलवून पाहिला. मग म्हणाला, तू तर समोर होतास, कसं वाजवलं होतं मी? मी शिट्टीवर ती धून वाजवून दाखवली. तो म्हणाला, बेसूर.
मग म्हणाला, पुन्हा वाजव.
इतिहास पुरा व्हावा म्हणून नोंद. मी नाकारलेला प्रस्ताव असा: टेप आहे तशी द्यायची, आठवड्यात दादासाठी एक प्रत फुकट मिळणार, आणि वर पावणेपाच लाख.