अर्धा राहिलेला इशारा

अहो,

तुम्ही होतात तेव्हा कधी नाव घेतलं नाही, आता कागदावर तरी कसं घेऊ? एका हाकेत तुम्हाला कधी ऐकू गेलं नाही. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटाने कान गेलेले. आज ओरडत नाही, लिहिते.

उद्या चर्चमध्ये उपासनेत ‘माणसाच्या जिवाचं मोल’ हा विषय आहे, आणि पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला सांगितलंय. काल घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “मार्थाबाई, फार बोलू नका. दानियलभाऊंनी स्वतःच मशीन काढायला सांगितलं आणि शांतीने गेले, एवढंच सांगा. सलोमीच्या घरच्यांना धीर येईल.”

आपल्या मंडळीतल्या त्या सलोमीचे वडील तुमच्यासारखेच श्वासाच्या मशीनवर आहेत. काय करायचं ते घरच्यांचं ठरत नाही. म्हणजे माझ्या दोन वाक्यांवर त्या माणसाचा श्वास टांगायचा!

मी कपबशी उचलता उचलता विचारलं, “त्यांनीच सांगितलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

ते हसले. “सगळ्या मंडळीला ठाऊक आहे, बाई.”

सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीचाच मला हल्ली जास्त संशय येतो.

दवाखान्यातली ती दुपार तुम्हाला आठवते का? झोपेचं औषध कमी केलं होतं, म्हणून तुम्ही डोळे उघडलेत. घशात नळी, बोलणार कसे? मी पायांशी, थोमाभावजी उशाशी. तुम्ही उजव्या हाताची मूठ वळलीत आणि जराशी स्वतःकडे ओढलीत. भावजी लगेच म्हणाले, “वहिनी, दादा बंद करा म्हणतोय. आमच्या शेडातला इशारा हाय तो.”

त्यांनीही तुमच्या हाताखाली लूम चालवलेला, राहनाळच्या गोडाऊनला लागण्याआधी. त्यांना इशारा कळणारच. पण त्यांचा फोन सारखा वाजत होता, गोडाऊनमधून बोलावणं होतं. ड्युटीची घाई असली की इशारे लवकर कळतात का हो? आणि ते डॉक्टर! फुप्फुसं आता परत येणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलेलं. भावजींचं ऐकून त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. सगळ्यांची अडचण तुम्ही एका मुठीत सोडवलीत.

मग डॉक्टर आपसात बोलले, आमची संमती घेतली, आणि मशीन काढलं.

काढलं ते पाप झालं, असं मी म्हणत नाही. पाळकसाहेबांनी तेव्हा नीट समजावलं होतं. जीव देवाचा, तो घ्यायचा अधिकार आपला नाही. पण मरण दाराशी आलेलं असताना त्याला यंत्राने रेटून धरायची सक्तीही देवाने केलेली नाही. मारणं वेगळं, जाऊ देणं वेगळं. मंडळीच्या कपाटातल्या पुस्तिका मी एकेक आणून वाचल्या. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “झालं, आता घरात दुसरा पाळक!” त्यांतही हेच लिहिलंय. मला पटतं. पण खाटेच्या पायाशी उभं राहून बघितलं की दोन्ही सारखंच दिसतं हो. फरक आत असतो. आणि आतलं कोण वाचणार?

माझा संशय देवावर नाही. देवाच्या नावाने लवकर ‘आमेन’ म्हणणाऱ्यांवर आहे.

तुम्हालाही सोडत नाही मी. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, नवरा मुका दिला! मीठ कमी तर दोन बोटं चोळायची, पाणी हवं तर अंगठा. शेडात आवाजापुढे बोलणं चालत नाही, मान्य. पण घरात काय लूम होते? जन्मभर मला इशारे ओळखायला लावलेत, आणि जो शेवटी केलात तोच मला शिकवला नव्हता!

म्हणून आज सकाळी शेलार गावी तुमच्या शेडात गेले. तुमच्या बरोबरीचे अन्सारभाई अजून तिथेच आहेत, दाढी पांढरी झालीय. मला बाहेर आणलं, स्टुलावर बसवलं. मी मूठ ओढून दाखवली.

“हा तो हँडल खेचायचा इशारा, भाभी. लूम रोक.”

“का रोक?”

“वो बाद में बतायचं ना.” त्यांनी आधी मूठ ओढली, मग अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवलं. “धागा तुटला. रोक, जोडतो, फिर चालू.” परत मूठ ओढली, आणि या वेळी तळवा उघडून उलटा केला. “बीम, तो सुताचा रूळ, खाली झाला. सूत खतम.”

“आणि शिफ्ट संपली, घरी जायचंय, तर?”

“तेव्हा लूम कोण बंद करतो, भाभी? चालता लूम दुसऱ्याच्या हवाली करायचा.” मग हळूच विचारलं, “दानियलने मूठ के बाद काय केलं?”

अहो, मी काय सांगणार? नळी उपटाल म्हणून तुमचं मनगट पट्टीने खाटेच्या दांडीला बांधलेलं होतं. मूठ तेवढी ओढता आली. तिच्यानंतर हाताने पट्टीला हिसका दिला, तो मी बघितला. बोटं उघडणार होती की चोळणार होती? सूत संपलं म्हणत होतात, की जोड म्हणत होतात?

अन्सारभाईंनी आत जाऊन एक तुटलेला धागा जोडला, आणि लूम चालू केला.

जोडण्यासारखं तुमच्यात काही उरलं नव्हतं, हे डॉक्टर म्हणाले, ते खरं असेल. तुम्हाला जाऊ दिलं तेही कदाचित बरोबरच असेल. पण ते आम्ही ठरवलं. तुमच्या बांधलेल्या हातावर ते का टाकायचं? माणसाच्या जिवाचं मोल म्हणतात त्यात त्याचं बोलणं पूर्ण होऊ देणं येतं की नाही?

म्हणून ऐका, एका हाकेत ऐका. उद्या मी उभी राहीन, पण ‘त्यांनी सांगितलं’ असं म्हणणार नाही. अर्धं सांगितलं, असं म्हणेन. पाळकसाहेब नाराज होतील, भावजी मान खाली घालतील. घालू देत. मग सलोमीबरोबर दवाखान्यात जाईन. तिच्या वडिलांचं मशीन ठेवा की काढा, ते मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही. नर्सला एवढंच म्हणेन, ते जागे असतील तेव्हा घटकाभर त्यांच्याही हाताची पट्टी सोडा. नळीला हात लागणार नाही, मी मनगट धरून बसते. बोटं मात्र मोकळी राहू देत.

तुमची,
मार्था