उन्हातून आल्यावर आधी बैस

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुला सांगायला माझ्याकडे बातमी आहे ती काईची, म्हणजे शेवाळाची. हो, तीच काई, जिच्यासाठी मी झाशी सोडून समुद्राकाठी आले. बड़ा बाज़ारातल्या भाजीवाल्या अम्मांनी तेव्हा विचारलं होतं, "काए बिन्नू, काई पढ़बे के लाने इत्ती दूर जा रईं? काई तो इतै कुआँ में भौत है।" विहिरीतल्या शेवाळासाठी एवढ्या लांब! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू मात्र भेंड्या निवडता निवडता ठसक्यात म्हणालीस, "कुएँ की नहीं अम्मा, समंदर की!" तू स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हतास.

ती काई म्हणजे काय, हे धड सांगायचं राहूनच गेलं. समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या, एकेका पेशीच्या वनस्पती तरंगत असतात. माशांचं सगळं जेवण त्यांच्यापासून सुरू होतं आणि जगात तयार होणारा जवळजवळ निम्मा प्राणवायू समुद्रातल्या असल्या जिवांचा. आता समुद्र तापतोय, आपल्या धुराड्यांतला वायू विरघळून त्याची आम्लताही वाढतेय. हे त्यांना सोसेल का, एवढंच मी शोधते.

मागच्या वर्षी प्रयोगशाळेत आम्ही पुढल्या काळातला समुद्र तयार केला, जास्त गरम आणि जास्त आम्ल. मी तुझी उतावळी लेक, सगळ्या पेशी त्यात एकदम सोडल्या. त्यांच्या रंगानं सोनेरी दिसणारं पाणी बघता बघता पांढरं पडलं, सगळ्या मेल्या. त्या जातीचा एकच फ्लास्क उरला, तोही मी कपाटात विसरले होते म्हणून. आमचे साहेब म्हणाले, "लिहून टाका मॅडम, नाही सोसत." मला ते लिहवेना. हा एक फ्लास्क गेला असता तर खरोखर तेच लिहावं लागलं असतं.

त्या दुपारी मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मे महिना, बाहेर लूचा पोळणारा वारा सुटला आहे. मी शाळेतून येते, खिशात ऊन लागू नये म्हणून तू दिलेला कांदा. दप्तर फेकून सुराहीकडे धावते, तोच तू पेला हातातून काढून घेतेस. "आधी बैस. अंग निवू दे." मी म्हणते, "आई, तहानेनं मरतेय मी!" "कोणी मरत नाही. सबर कर जरा." मग थंड फरशीवर फुगून बसायचं. तू आधी गुळाचा खडा देणार, मग घोट घोट पाणी. किती राग यायचा मला तुझा!

उरलेल्या फ्लास्कला मी तसंच वागवलं. थोडीशी ऊब वाढवायची, किंचित आम्लता, आणि थांबायचं. त्यांच्या काही पिढ्या सरल्या की पुढचं पाऊल. मधेच त्या रुसायच्या, वाढ थांबायची. मी पुन्हा थांबायचे, आणि कोणी जवळ नसलं की "सबर कर" असं फ्लास्कलाच सांगायचे. आज त्या नेमक्या त्याच पाण्यात आहेत ज्यात त्यांची भावंडं मेली, आणि वाढताहेत. आकारानं लहान झाल्यात. एवढ्याशा पेशींवर माशांचं पोट भरेल का, ठाऊक नाही. खऱ्या समुद्रात त्यांना एवढा वेळ मिळेल का, ते आपण धूर किती कमी करतो त्यावर आहे. पण वेळ दिला तर त्या जमवून घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि मला फार फार आनंद झालाय.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहू दे माझ्याच टेबलात. एक मात्र सांगते. आज भर उन्हातून आले, फ्लास्क सोनेरी दिसला आणि मला राहवलं नाही. न बसताच फ्रिजमधली बाटली तोंडाला लावली. मग बाटली हातात धरून बराच वेळ उभी राहिले, तू ओरडशील याची वाट बघत.